चौदावी गाठ

"बारा."

"चौदा, नाना."

"बारा! मोज. ऑपरेशन माझ्या डोळ्यांचं झालंय, तुझ्या नाही. मोज."

"गाठी बाराच आहेत, मी कुठे नाही म्हणतेय? पण दिवस चौदा झालेत."

"ऐकलंस, योगिनी? गाठी बारा नि दिवस चौदा. हे शिकायला हिला रत्नागिरीत हॉस्टेलला ठेवलीय!"

मी पायरीवरच थांबले होते. हातात सोनेरी कागद लावलेला नारळ, केसांत अबोलीचा वळेसर. समोर हाशिमनाना खुर्चीत ताठ बसलेले. डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा, मांडीवर जाळ्याच्या सुताची गाठीगाठींची दोरी. त्यांच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून झोया, त्यांची नात आणि माझी हॉस्टेलमधली सोबतीण. भिंतीवरच्या घड्याळात नऊला पाच कमी होते. आणि सव्वानऊला नाना घरातून निघणार, असं ते उठल्यापासून सांगत होते.

साल नव्व्याण्णव, नारळी पौर्णिमा. आमच्या खाडीतली पहिली लाँच त्या दिवशी समुद्रात उतरायची होती.

हाशिमनाना आमच्या गावचे तांडेल, म्हणजे लाँचीचं सुकाणू धरणारे. खाडीत सहा लाँची, पण मोसमाच्या पहिल्या दिवशी पुढे जाते ती नानांची 'ताज'. बाकीच्या पाच तिच्या मागे, एकीच्या पाठी एक. कारण खाडीच्या तोंडावर वाळूचा उंच पट्टा आहे. गावात त्याला उंबरा म्हणतात. भरती पूर्ण असली की लाँच त्यावरून सरळ निघून जाते, कळतही नाही. पाणी पुरतं चढलेलं नसलं तर ऑगस्टमधली लाट नेमकी त्या वाळूवर येऊन फुटते. ती लाँच उचलते आणि आपटते. सहा वर्षांपूर्वी काशीरामकाकांनी घाई केली होती. दोन लाटांत तळाची फळी गेली. काशीरामकाका अजून एक पाय ओढत चालतात.

माझे बाबा, सखाराम, 'ताज'चे इंजिन डायवर. इंजिन खाली, पोटात. वर यायला एकच झाकण. ते आतून उघडायला खांदा लावावा लागतो.

तेव्हा बाबांनी मला नारळ घेऊन पाठवलं होतं, पण नारळासाठी पाठवलं नव्हतं. घरातून निघताना ते शर्टाची बटणं लावत, माझ्याकडे न बघता म्हणाले होते, "पौर्णिमेची भरती सव्वाअकराला. तांडेल काल पावणेदहा म्हणाला. वाईच बघ, काय म्हणतोय आज."

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना!"

"तांडेलला? मी?" बाबांनी अशा नजरेनं बघितलं की जणू मी त्यांना नानांच्या थोबाडीत मारायला सांगितलं होतं.

भरतीचं गणित आमच्याकडे पोरासोरांना येतं. तिथीची पाऊणपट केली की वाजले किती ते मिळतं. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. नानांचं गणितही तेच, फक्त ते तिथीवरून करत नसत. ते चांदवरून करत. चांद अमावास्येनंतर एक दिवस उशिरा दिसतो, म्हणून चांदच्या तारखेत एक मिळवायचा आणि मग पाऊणपट. आज चौदावा चांद असेल तर सव्वाअकरा. बारावा असेल तर पावणेदहा. दीड तासाचा फरक, आणि तो सगळा त्या दोरीत.

दोरीची रीत अशी. चांद डोळ्यांनी दिसला की लाल चिंधी बांधायची. मग रोज सूर्य मावळल्यावर, मगरिबच्या नमाजानंतर एक गाठ. एकोणतिसाव्या संध्याकाळी चांद दिसला तर नवी चिंधी, नाही दिसला तर तिसावी गाठ मारून मगच चिंधी. चाळीस वर्षं नाना हे करत आले होते, आणि चाळीस वर्षं ते जमत होतं, कारण रोज समोर खाडी होती. दोरी चुकली तरी पाणी सांगायचं.

या वर्षी समोर खाडी नव्हती. जून लागताना त्यांचं चिपळूणला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि पावसाळाभर ते पोफळीला लेकीकडे राहिले. झोयाचे वडील अझीम तिथे वीजघरात कामाला. पोफळीचा पाऊस म्हणजे तीन महिने खिडकीबाहेर नुसती पांढरी भिंत. जूनचा चांद दिसला नाही. जुलैचा नाही. ऑगस्टचाही नाही. नानांनी तिन्ही महिने तिसाचे धरले. आणि काल संध्याकाळच्या एसटीनं ते दोरी खिशात घालून गावात उतरले.

"योगिनी," झोया माझ्याकडे वळली, "तू सांग. आज काय आहे?"

"नारळी पौर्णिमा," मी नारळ वर केला. दुसरा पुरावा माझ्याकडे नव्हता.

"छापलेली," नाना म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे छापलेली पौर्णिमा. दिसलेली नाही. तुझ्या बापाला विचार, काल रात्री चंद्र बघितलास का म्हणून. नाही ना? यंदा तर तुमच्या पंचांगानं अख्खा महिना जास्तीचा घातला. महिना घालतात ते दोन दिवस घालणार नाहीत?"

"मशिदीतलं कॅलेंडरसुद्धा चौदाच म्हणतंय, नाना," झोया म्हणाली.

"ते रोजा-नमाजासाठी. ते मी मानतो, डोक्यावर ठेवतो. पण समुद्र माझ्या दोरीनं."

"मग बंदर कचेरीतला भरतीचा तक्ता?"

"त्या बंदराचा. आपल्या खाडीचा नाही."

"आणि खाडी? काल संध्याकाळी धक्क्यावर गेला होतात. पाणी बघितलंत ना?"

"पावसात खाडी बघून भरती कळते? वरून डोंगराचं पाणी उतरतंय. ओहोटीलासुद्धा भरल्यासारखी दिसते." नानांनी दोरी गुंडाळायला घेतली. "काल बघितलं म्हणून सांगतोय. काल महिपत धक्क्यावर काय म्हणाला ठाऊक आहे? माझ्या तोंडावर नाही, पाठीमागे. म्हणाला, म्हाताऱ्याला आता पाणी दिसतं का विचारा. पुढल्या वर्षी दुसरं कोणीतरी पुढे जाईल. म्हणाला ना गो, योगिनी?"

मी खाली बघितलं. म्हणाला होता. महिपतची लाँच दुसऱ्या नंबरची होती, नि तो घाई करणारा गडी.

"मग? पावणेदहा सांगितलेत मी. आता सव्वाअकरा सांगू? कशावरून? नातीला कालेजात काहीतरी कळलंय म्हणून?"

घड्याळात नऊला एक मिनिट कमी होतं.

नाना असे का, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. हा माणूस बघितल्याशिवाय कशालाच हो म्हणत नसे. एसटी आली असं कोणी सांगितलं तर कोपऱ्यावर जाऊन बघून यायचे. झोया जन्मली तेव्हा पोस्टात फोन आला. पोस्टमास्तर धावत आला, "तांडेल, नात झाली!" नाना म्हणाले, "बघतो." टोपी घातली, एसटीनं पोफळी गाठली, पोरगी हातात घेतली, तिची बोटं मोजली, आणि मग परत येऊन गावात साखर वाटली. बारावीला ती पास झाली तेव्हा मार्कलिस्ट हातात येईपर्यंत कोणाला पेढा मिळाला नाही.

"बरं," झोया उठली. "बघण्याचंच बोलू. अकरा ऑगस्टला ग्रहण लागलं होतं. सूर्यग्रहण. हे तरी मानता?"

"लागलं असेल."

"असेल नाही, लागलं. मी नि योगिनी कॉलेजच्या गच्चीवर होतो. सहाच्या सुमाराला काळोख झाला, कावळे परत फिरले. मध्येच ढग फाटला नि वेल्डिंगच्या काचेतून आम्ही बघितलं. सूर्याला चंद्रानं खाऊन कोर केली होती. या डोळ्यांनी बघितलं, नाना."

"तुझ्या डोळ्यांनी. मी त्या वेळी पोफळीत होतो. ढग दाटला नि काळोख पडला एवढंच मी बघितलं."

"आता तुमची दोरी मागे मोजा. अकरा ऑगस्टला तुमच्या दोरीत कितवी गाठ?"

नानांची बोटं दोरीवर थबकली. मोजायची गरज नव्हती, आकडा त्यांना ठाऊक होता. आणि हेही ठाऊक होतं की सूर्याला ग्रहण चंद्र संपताना लागतं. अठ्ठाविसावा, एकोणतिसावा.

"कितवी, नाना?"

"सत्तावीस," ते हळूच म्हणाले.

"सत्ताविसाव्याला ग्रहण? तांडेल आहात ना तुम्ही? कधी बघितलंत?"

मला वाटलं, झालं. मिटलं. पण नानांनी मान वर केली.

"मी ग्रहण बघितलेलं नाही," ते म्हणाले. "आणि चांदही बघितलेला नाही. न बघितलेल्या चांदवर मी सहा लाँची उंबऱ्यावर घालू? पाणी कोणाच्या हुकमानं चढतं? चांदच्या. तो चांद इथे आलाच नाही तीन महिने!"

"आला होता!"

"ढगाला भोक पाडून बघून आलीस?"

"त्याचा उजेड आला नाही, नाना! चांद आला होता!" झोयाचा आवाज चिरकला. "चांदपासून दोन गोष्टी निघतात. एक उजेड. एक ओढ. सरांनी शिकवलंय. दोन्ही एकाच वेगानं येतात, सव्वा सेकंदात इथवर. उजेड ढगात अडकतो. ओढ अडकत नाही. ढगात नाही, कौलांत नाही, पोफळीच्या डोंगरात नाही. अब्बा कामाला जातात ते वीजघर कुठे आहे? डोंगराच्या पोटात. तिथे कधी ऊन पोचलंय? पण पाणी तिथेही खालीच पडतं ना? ते काय उजेड बघून पडतं?"

नानांनी ओठाचा कोपरा वाकडा केला. त्यांचं हे हसू मला आवडत नसे.

"दोन्ही एकाच वेगानं?"

"हो."

"उजेडाचा वेग मोजलाय?"

"मोजलाय. केव्हाच."

"आणि ओढीचा?"

झोयाला खोटं बोलता येत नाही, हीच तिची अडचण.

"हिशोबानं तो तेवढाच येतो," ती म्हणाली. "खूप लांबच्या दोन ताऱ्यांच्या फिरण्यावरूनही तसंच दिसतं. पण... सर म्हणाले, ओढ प्रत्यक्ष येताना अजून कोणी पकडलेली नाही."

"म्हणजे कोणी बघितलेली नाही!" नानांनी दोरी खिशात घातली, मांडीवर थाप मारली आणि उभेच राहिले. "योगिनी, धक्क्यावर जा. सखारामला सांग, इंजिन तापव. येतोच म्हणावं."

नऊ वाजून सात मिनिटं.

मला डोळ्यांसमोर धक्का दिसत होता. बाबा झाकण उघडून खाली उतरत होते, आधी पाय, मग कंबर, मग डोकं. मी जाऊन 'इंजिन तापवा' म्हटलं असतं तर ते एक शब्द न बोलता उतरले असते.

"मी नाही जात," मी म्हणाले. स्वतःच दचकले.

"काय?"

"माझे बाबा खाली असतात, नाना. इंजिनापाशी. आपटली तर वर यायला एकच झाकण आहे."

"आणि मी सुकाणूवर असतो! माझा जीव जीव नाही?"

"तुम्हाला समोरची लाट तरी दिसेल! बाबांना खाली काहीच दिसत नाही!"

माझ्या तोंडून ते असं निघालं खरं, आणि नानांचा चेहरा बदलला. झोयानं तेवढ्यात पुढे होऊन ओढणी काढली आणि भिंतीवरच्या घड्याळावर टाकली. निळी ओढणी, खाली लोंबणारी.

"हे काय चाललंय?" नाना ओरडले. "काढ ते. मला निघायचंय."

"किती वाजले, नाना?"

"दिसत नाही मला!"

"म्हणजे वाजायचे थांबले?"

ओढणीखाली टिकटिक चालू होती. आम्ही तिघंही नाइलाजानं ती ऐकत राहिलो.

"नाटकं करू नकोस, झोया."

"करणार. तुम्ही बसा. एकच ऐका नि मग जा. सूर्याचा उजेड इथे यायला आठ मिनिटं लागतात. समजा, सूर्य आत्ता नाहीसा झाला. या घटकेला. तर पुढची आठ मिनिटं अंगणात उजेड असाच राहील. आणि पृथ्वीही आठ मिनिटं त्याच्याभोवती अशीच फिरत राहील. नसलेल्या सूर्याभोवती. कारण तो गेल्याची बातमी उजेडालाही अजून इथवर आणता आलेली नसेल, नि ओढीलाही. आपल्याला काही दिसणार नाही, काही जाणवणार नाही. पण तो गेलेला असेल, नाना. आपल्याला दिसेपर्यंत काही थांबत नाही."

नाना सावकाश परत खुर्चीत बसले. काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेले डोळे लाल, पाणावलेले, फार उघडे दिसत होते.

"आठ मिनिटं?" ते म्हणाले. "माझे एकेचाळीस दिवस."

ही गोष्ट झोयाच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे. मला तिनं हॉस्टेलवर एकदा सांगितली होती. अठ्ठावन्न सालची. नाना सत्तावीस वर्षांचे, मालवाहू जहाजावर खलाशी. घरी ताजबी, त्यांची बायको, आणि दोन वर्षांची महरीन, म्हणजे झोयाची आई. ताजबीनं निघताना सांगितलं होतं, रोज एक गाठ मार, परत येशील तेव्हा मी मोजीन. म्हणून ती दोरी. ताजबीला ताप आला, चार दिवसांत गेली. भावानं लिहिलेलं पत्र नानांच्या जहाजामागे बंदरा-बंदरांतून फिरत बसऱ्यात त्यांच्या हातात पडलं. त्यांनी पत्रावरची तारीख बघितली आणि दोरी मागे मोजली. एकेचाळीस गाठी तिच्यानंतरच्या. त्या दिवसांत त्यांनी तिच्यासाठी हिरव्या काचेच्या बांगड्या घेतल्या होत्या, माप सुतळीनं घेऊन. पत्रावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. घरी आले, कबर बघितली, आणि मग बसले. तेव्हापासून बघितल्याशिवाय काही नाही.

"एकेचाळीस दिवस मी जहाजावर हसत होतो," नाना म्हणाले. आता ते आमच्याशी बोलत नव्हते. "जेवत होतो. रोज मगरिबला गाठ मारत होतो. माझ्याकडे ती होती. तुझ्या पुस्तकात काय लिहायचं ते लिही. माझ्याकडे एकेचाळीस दिवस ती होती."

खालून धक्क्यावरून महिपतची हाक आली. "तांडेल! येताव ना?" कोणीतरी हसलं. एका लाँचीचं इंजिन खोकलं नि चालू झालं. ते बाबांचं नव्हतं. बाबांचं इंजिन मला आवाजावरून ओळखता येतं.

नाना उठू लागले. हात आपोआप टोपीकडे गेला.

आणि झोया म्हणाली. तिला ते म्हणायचं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण तिचा नाना उंबऱ्यावर चालला होता, आणि तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

"नाना, तुम्हाला दिसलं नाही म्हणून नानी एकेचाळीस दिवस होती का?"

फक्त ओढणीखालची टिकटिक.

झोयानं तोंडावर हात दाबला. मी नारळ घट्ट धरला होता, इतका की कागद फाटून शेंडी बोटांना टोचत होती. मला वाटलं, आता ते तिला मारतील. मग वाटलं, रडतील. ते दोन्ही झालं नाही. नाना टोपी हातात धरून दाराबाहेर बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. करडं आभाळ, ठिकठिकाणी ओलं, एका जागी थोडं उजळ. त्या उजळ जागेमागे सूर्य असणार. दिसत नव्हता.

मग त्यांनी खिशातून दोरी काढली.

शेवटची गाठ अंगठ्यानं चाचपली. तिच्यापासून बोटभर जागा सोडली, सूत वळवलं आणि गाठ मारली. दातांत धरून ओढली. पुन्हा बोटभर जागा. पुन्हा सूत वळवलं. या वेळी टोक दोनदा निसटलं. झोया मदतीला पुढे झाली, तर त्यांनी तिच्याकडे न बघता कोपरानं तिला बाजूला केलं. तिसऱ्यांदा जमलं. चौदावी गाठही दातांत धरून ओढली, आधीच्या तेरा गाठींसारखी घट्ट केली, आणि दोरी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.

"नाना," झोया रडत होती. "नाना, मी... योगिनीनं सखारामकाकांना काय सांगायचं? सव्वाअकरा सांगू दे?"

त्यांनी टोपी घातली. चष्मा खुर्चीतच राहिला.

"नाना, बोला ना!"

ते पायरी उतरले. मी बाजूला झाले. त्यांचा सदरा मला घासून गेला. अंगणाच्या दगडी गडग्यापाशी वाट फुटते. डावीकडे धक्का, उजवीकडे वर चढत गेलेली कबरस्तानाची वाट. खालून महिपतनं पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "तांडेल, निघायचं की नाही?"

नानांनी खाली बघितलं नाही. ते उजवीकडे वळले आणि ओल्या जांभ्या दगडांवर एकेक पाऊल चाचपत वर चढू लागले.